खिडकीजवळची जागा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



दरवर्षी आजच्या दिवशी बाहेरून कोणी विदुषी येतात आणि आपण त्यांचे विचार ऐकतो. यंदा कार्यकारिणीच्या मनात आले की घरच्याच बाईला उभे करावे. मी म्हटले, मला भाषण येत नाही. त्यावर आपल्या चिटणीस वहिनी म्हणाल्या, "भाषण कशाला? हळदीकुंकवाला सांगता तसं सांगा. फक्त वाटेत आमटीची कृती सांगत बसू नका." तेव्हा आमटी वगळून, गेल्या श्रावणात आपण अकरा जणी काचेच्या डब्यातून सह्याद्रीचा घाट चढलो, त्याची हकीकत सांगते. ज्या आल्या होत्या त्यांनी चुकले तर सांभाळून घ्यावे, आणि ज्या आल्या नव्हत्या त्यांनी नीट ऐकावे, कारण शेवटी त्यांच्याकडे माझे एक मागणे आहे.

या सहलीचे मूळ आपल्याच स्टेशनावर आहे. आपल्या गावात अधूनमधून एक निळी गाडी येते. तिचे नाव डेक्कन ओडिसी. महाराष्ट्राच्या पर्यटन विकास महामंडळाने रेल्वेच्या साहाय्याने २००४ साली ती सुरू केली. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, ती बंद पडली आणि २०२३ च्या सप्टेंबरात पुन्हा धावू लागली. गाडी कसली, फिरता राजवाडाच तो! निजायला स्वतंत्र खोल्या, जेवायला वेगळे डबे, अंग रगडून घ्यायलासुद्धा सोय. तिच्या एका फेरीत कोल्हापूर येते. पाहुणे उतरतात, अंबाबाईचे दर्शन घेतात, नवा राजवाडा पाहतात, चपला घेतात आणि पुन्हा गाडीत जाऊन बसतात. एका माणसाचे भाडे लाखांच्या घरात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या नातीला सोडायला मी स्टेशनावर गेले असताना ही गाडी उभी होती. माझ्याच वयाची एक गोरी बाई खिडकीपाशी एकटी बसली होती. पुढ्यात चहा, मांडीवर हात, आणि नजर बाहेर. कुणाचा डबा उघडायचा नाही, कुणाला पाणी द्यायचे नाही, पिशव्या मोजायच्या नाहीत. भगिनींनो, मला त्या गाडीतल्या मखमलीचा हेवा वाटला नाही. मला हेवा वाटला तो त्या बाईच्या बसण्याचा.

घरी येऊन मी आठवू लागले, आपण आयुष्यात खिडकीजवळ कधी बसलो? लहानपणी खिडकी भावांची. लग्न झाल्यावर सासऱ्यांची, कारण त्यांना वारा लागत असे. मग मुलांची. मुले मोठी झाली तेव्हा नातवंडांची. माझी जागा नेहमी आतली, पायाशी डब्यांची पिशवी, कारण मधूनमधून लाडू काढून द्यायला ती जागा सोयीची. याबद्दल कुणावर राग नाही. कुणी मला खिडकी नाकारली असेही नाही. मीच कधी मागितली नाही. पण पासष्ट वर्षांच्या हिशेबात खिडकीच्या खात्यावर शून्य निघाले, हे खरे.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी ही गोष्ट बोलले, तर मौज अशी की जमलेल्या सव्वीस जणींपैकी बाविसांचा हिशेब तोच निघाला. आपल्या आक्का समोरच बसल्या आहेत. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना दोन लेकी, दोन्ही मुंबईला. बाळंतपणे, बारशी, दुखणी, सगळे धरून आक्का चाळीस वेळा तरी मुंबईला गेल्या असतील. मी विचारले, "आक्का, बोरघाट कसा दिसतो हो?" आक्का म्हणाल्या, "मला काय ठाऊक? महालक्ष्मी जाते रातची. मी निजलेली असते."

आता बघा, ही सबंध कोल्हापूरची गोष्ट आहे. आपली महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री इथून सुटते आणि सकाळी मुंबईला पोचते. घाट येतो पहाटेच्या अंधारात. कोयना एक्सप्रेस दिवसा जाते खरी, पण ती मुंबईला रात्री पोचवते. लेकीच्या दारात रात्री नऊ-दहाला कोण उभे राहणार? म्हणून बायका महालक्ष्मीच धरतात. सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या आपण, आणि आपल्याच डोंगरातून डोळे मिटून जातो!

त्यात आपले गाव रेल्वेच्या शेवटच्या टोकाला. मिरजेपासून इथवरचा रूळ कोल्हापूर संस्थानाने स्वतःच्या खर्चाने टाकला आणि १८९१ साली गाडी आली. आपल्या स्टेशनाला आज छत्रपती शाहू महाराजांचे नाव आहे. पण रूळ इथेच थांबला. पश्चिमेला डोंगर, त्याच्या खाली कोकण, आणि तिकडे जायला गाडी नाही. कोल्हापूर ते वैभववाडी असा मार्ग २०१६ सालच्या रेल्वेच्या अर्थसंकल्पात जाहीर झाला. पण त्या घाटात अजून रूळ पडलेले नाहीत. म्हणजे गाडीत बसून सह्याद्री पाहायचा तर कोल्हापूरकराला आधी त्याच्याकडे पाठ करून मिरजेला जावे लागते.

मग ठरले की राजवाड्याची गाडी आपल्याला झेपणारी नाही, पण खिडकी झेपेल. मुंबई-पुण्याच्या काही गाड्यांना आता व्हिस्टाडोम नावाचा डबा जोडतात. २०२१ च्या जूनमध्ये तो प्रथम डेक्कन एक्सप्रेसला लागला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेक्कन क्वीनला. आपण त्याचे नाव काचेचा डबा ठेवले. त्यात खुर्च्या चव्वेचाळीस. खिडक्या मोठ्या, छपरालाही काच, आणि खुर्ची हवी तिकडे फिरवता येते. तिकीट साध्या खुर्चीच्या डब्याहून पुष्कळ महाग.

इथे वाद सुरू झाला. काही भगिनींचे म्हणणे पडले की मंडळाच्या निधीतून थोडी मदत घ्यावी. खजिनदार वहिनींनी साफ नकार दिला. "निधी शिवणवर्गाचा आणि वह्या-पुस्तकांचा आहे. डोंगर बघायला त्यातला रुपया मिळणार नाही." त्यांचे बरोबर होते, हे मी आज सर्वांसमोर सांगते. त्या दिवशी मात्र मी रुसून घरी गेले होते. आक्कांचा तर मुळावरच घाव. "डोंगर बघायला पैसे द्यायचे? आपला जोतिबाचा डोंगर काय वाईट हाय? तिथं गुलाल तरी अंगावर पडतो." आणखी एकीने विचारले, "घरी काय सांगायचे? कुठल्या देवाला चाललो म्हणून?"

हा शेवटचा प्रश्न मला फार लागला. आपल्यापैकी कोणीही घराबाहेर पडते ते देवासाठी, लग्नासाठी, बाळंतपणासाठी नाहीतर मयतासाठी. नुसता डोंगर पाहायला म्हणून जाणे याला आपल्याकडे शब्दच नाही. पुरुषाने केले तर ती हौस, आणि बाईने केले तर ते थेर! पण शेवटी खजिनदार वहिनींनीच वाट काढली. त्यांनी बारा जणींची वेगळी भिशी लावली. दहा महिने प्रत्येकीने भाजीच्या, रिक्षाच्या पैशांतून वाचवून भर घातली. कुणाच्या नवऱ्यापुढे हात पसरला नाही आणि निधीलाही धक्का लागला नाही. आक्कांनी पहिला हप्ता सगळ्यांच्या आधी दिला, तोही "मी काही येणार नाही" असे म्हणत.

असो. श्रावणातल्या एका शुक्रवारी रात्री आपण महालक्ष्मीत बसलो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, सगळे बरोबर. घाट नेहमीप्रमाणे झोपेत गेला. शनिवार मुंबईत नातेवाइकांकडे काढला आणि रविवारी सकाळी सातच्या डेक्कन एक्सप्रेसने परत वर निघालो, म्हणजे घाट उजेडात चढता यावा.

तिकिटे बाराची होती, आणि आम्ही होतो अकरा. एका भगिनीने निघायच्या आदल्या दिवशी निरोप पाठवला, घरी पाहुणे येणार, जमत नाही. तिचे नाव मी घेणार नाही. तिची खुर्ची माझ्या पुढच्याच रांगेत, खिडकीला लागून. तिकीट तपासनीस आले, "इथे कोण?" असे विचारून खूण करून गेले. ती खुर्ची कल्याणपर्यंत रिकामी होती. मी डोंगर पाहायला निघाले होते, पण माझी नजर पुन्हा पुन्हा त्या खुर्चीकडे जाई.

नेरळ आले. इथून माथेरानची छोटी गाडी निघते. सर आदमजी पीरभाई यांच्या कुटुंबाने स्वतःचा पैसा घालून ती बांधली आणि १९०७ साली सुरू केली. दोन फूट रुंदीचा रूळ, आणि वळणे इतकी की गाडी आपलेच शेपूट पाहत जाते. २०१९ च्या पावसात तिचा मार्ग वाहून गेला होता, २०२२ मध्ये ती पुन्हा माथ्यावर पोचली. आम्ही तिला खिडकीतूनच नमस्कार केला.

कर्जतला गाडी थांबली. खाली वड्यांची लगबग चालली होती, पण मी तुम्हाला दुसरी गोष्ट सांगते. कर्जतला गाडीच्या मागच्या बाजूला आणखी दोन-तीन इंजिने येऊन लागतात. पुढचे इंजिन ओढते आणि ही मागून ढकलतात. कारण चढ मोठा अवघड आहे. सदतीस फूट पुढे गेले की एक फूट वर, असा तो चढ. आपल्याला हे थोडे वाटेल, पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर घसरते, आणि आगगाडीला एवढा चढ म्हणजे आपल्याला पन्हाळ्याची वाट डोक्यावर हंडा घेऊन चढण्यासारखे आहे.

आणि मग घाट सुरू झाला.

भगिनींनो, मला वर्णन करता येत नाही. एका अंगाला ओला काळा कडा, इतका जवळ की हात लावावा. दुसऱ्या अंगाला जमीनच संपलेली. खाली उल्हास नदीचे खोरे, त्यावर ढग, आणि ढगांतून राजमाचीचे दोन बालेकिल्ले, श्रीवर्धन आणि मनरंजन, क्षणभर वर आले आणि पुन्हा बुडाले. वरच्या काचेवर पाऊस पडत होता आणि आपण खाली कोरड्या. कड्यावरून पडणारे पाणी छपराच्या काचेतून सरळ डोक्यावर येते की काय असे वाटे. बोगदा आला की सगळ्या एकदम गप्प, बोगदा संपला की सगळ्यांचा एकदम आवाज. आधी ठरल्याप्रमाणे अर्ध्या घाटात आपण जागा बदलल्या, म्हणजे आतल्या बाजूच्या भगिनींनाही खिडकी मिळावी. आक्का मात्र उठल्या नाहीत. त्यांना कुणी उठवलेही नाही. त्या काचेला कपाळ टेकून बसल्या होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "चाळीस येळा हिच्या अंगावरून गेले ग मी. आणि हिचं तोंड आज बघितलं."

त्या वाक्यानंतर मला आमटीचीसुद्धा आठवण राहिली नाही.

आता या घाटाची गोष्ट सांगते. सहलीनंतर मी वाचनालयात बसून ती गोळा केली, आणि ती ऐकल्याशिवाय तुम्ही जाऊ नये असे मला वाटते.

घाट होण्याआधी मुंबईकडची गाडी खोपोलीला थांबे आणि पुण्याकडची खंडाळ्याला. मधला चढ प्रवाशांनी पालखीतून, तट्टावर नाहीतर बैलगाडीतून काढायचा. हा तुकडा जोडण्याचे काम १८५६ साली सुरू झाले आणि १८६३ साली पुरे झाले. सुमारे सोळा मैलांत १,८३१ फूट चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. मुख्य अभियंता जेम्स बर्कले हा काम पुरे होण्याच्या आदल्या वर्षी वारला; त्याला गाडी पाहायला मिळाली नाही. घाटाची वाट शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला दाखवली आणि बक्षीस म्हणून काय हवे असे विचारताच त्याने स्वातंत्र्य मागितले, म्हणून त्याला गोळी घातली, अशी कथा लोक सांगतात. त्याचे देऊळ जुन्या सडकेवर आहे आणि येणारे-जाणारे आजही तिथे हात जोडतात.

पहिला ठेकेदार फॅविएल. त्याच्या कारकीर्दीत मजुरीवरून तंटा झाला, १८५९ च्या आरंभी दंगाही उसळला आणि त्याने काम सोडले. मग त्याच वर्षी सॉलोमन ट्रेडवेल नावाचा दुसरा ठेकेदार विलायतेहून बायकोला घेऊन आला. मुंबईत उतरून काही आठवडे झाले नाहीत तोच तो आजाराने गेला. परका देश, अर्धवट फोडलेला डोंगर, हजारो मजूर, आणि मागे राहिली त्याची बायको, ॲलिस. तिने काय करायला हवे होते? लोकांच्या मते पुढची बोट धरायला हवी होती. तिने तसे केले नाही. तिने नवऱ्याचा ठेका आपल्याकडे घेतला, अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन जाणत्या माणसांच्या हाती देखरेख दिली, आणि काम तडीस नेले. १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाट खुला झाला. ज्या वाटेने आपले वडील, नवरे, मुले नोकरीला मुंबईस गेली, ती वाट एका विधवा बाईने पुरी करवून घेतली आहे. मी पासष्ट वर्षांची होईतो हे मला कुणी सांगितले नव्हते.

पण एवढ्यावर थांबले तर ती गोष्ट अर्धीच राहील. ॲलिस बाईच्या नावावर ठेका होता, पण डोंगर तिने फोडला नाही. १८६१ साली या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसे होती. त्यांत पुरुष होते, पोरे होती आणि टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका होत्या. सुरुंगाने कडा उडायचा आणि त्याचे दगड या बायकांनी वाहायचे. काही ठिकाणी माणसांना दोरांनी कड्यावरून खाली सोडून दगडात भोके पाडावी लागत. पटकी, ताप आणि अपघात यांत हजारो दगावली. ॲलिस बाईचे नाव निदान पुस्तकात आहे. या बायकांपैकी एकीचेही नाव कुठे नाही. त्या कुठल्या गावच्या, त्यांची पोरे कुठल्या झाडाला झोळी बांधून निजवली होती, काही ठाऊक नाही. आपण ज्या बोगद्यात गंमत म्हणून ओरडलो, त्याच्या प्रत्येक हातभर दगडाला कुणाचा तरी हात लागला आहे.

पुढे खंडाळ्याजवळ एक मौजेची गोष्ट होती. पूर्वी गाडी तिथे एका कड्याच्या टोकाशी जाऊन थांबे, इंजिन एका टोकाचे काढून दुसऱ्या टोकाला लावत आणि मग गाडी उलट्या दिशेने वर चढे. शिडीवर चढताना मधल्या कट्ट्यावर वळावे तसे. १९२९ साली नवी वाट काढल्यावर ते बंद झाले. उतरणीला आजही सांभाळ आहे. खाली येणाऱ्या गाडीचा वेग आटोक्यात नसेल तर तिला मुख्य वाटेवरून काढून एका चढत्या फाट्यावर घेतात, म्हणजे चढणीवर तिचा जोर आपोआप संपतो. मला वाटले, घरात संतापलेल्या माणसासाठीसुद्धा असा एक फाटा बांधून ठेवता आला असता तर!

लोणावळ्याला गाडी थांबली. मागची इंजिने सुटली. त्यांचे काम झाले होते. ती पुन्हा खाली कर्जतला जायची, पुढच्या गाडीला ढकलायला. मी मुद्दाम दारापाशी जाऊन पाहिले. एवढी गाडी वर चढवली, पण गाडीच्या पाटीवर त्यांचे नाव नाही, आणि पुण्याला गाडी पोचते तेव्हा ती तिथे नसतात. आपल्या शिवणवर्गाच्या बाई शेजारी उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "ओळखीची वाटतात, नाही?" आम्ही दोघी हसलो. त्यावर जास्त काही बोलायची गरज नव्हती.

पण भगिनींनो, मागच्या इंजिनाची थोरवी गाऊन मी तुम्हाला घरी पाठवणार नाही. ती थोरवी आपल्याला फार वर्षे ऐकवली गेली आहे. इंजिनाला खिडकी नसते. आपल्याला आहे.

डेक्कन क्वीनचे उदाहरण घ्या. ती १ जून १९३० ला सुरू झाली, तेव्हा तिच्यात फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. ती साहेबांची आणि घोड्यांच्या शर्यतींना जाणाऱ्या शौकिनांची गाडी. तिसऱ्या वर्गाचा डबा तिला १९५५ साली लागला. म्हणजे त्या गाडीत साध्या माणसाला पाय ठेवायला पंचवीस वर्षे लागली. आज तिच्यातून नोकरीवाल्या बायका पास काढून रोज घाट उतरतात. ऐषाराम म्हणून जे सुरू होते ते हळूहळू आपल्यापर्यंत येते, पण आपण हात पुढे केला तरच.

कुणी म्हणेल, एका दिवसाच्या खिडकीने काय झाले? घरी आल्यावर तीच भाकरी, तेच धुणे. खरे आहे. पण दोन गोष्टी झाल्या, त्या सांगते. आक्कांच्या लेकीने मला फोन केला. म्हणाली, "आई आता दिवसाच्या कोयनेने येते म्हणते. रात्री घ्यायला स्टेशनावर या, असे जावयाला बजावलेय." आणि माझ्या घरी, दिवाळीत आम्ही पुण्याला निघालो तेव्हा माझी नात खिडकीकडे धावली, मग थांबली आणि म्हणाली, "आजी, अर्धा वेळ तू, अर्धा वेळ मी." हे तिला कुणी शिकवले नव्हते. मी काचेच्या डब्यात जागा बदलल्याची गोष्ट तिला सांगितली होती, तेवढीच.

आता माझे मागणे. पुढच्या वर्षी दूधसागर पाहावा असे मनात आहे. मिरजेहून गोवा एक्सप्रेस मिळते. बेळगाव, लोंढा करत ती कॅसलरॉकला येते आणि तिथून घाट उतरते. ही वाट १८८८ साली पुरी झाली. १९६१ पर्यंत कॅसलरॉकला आपली हद्द संपे आणि खाली पोर्तुगीजांची सुरू होई. तिथे सामानाची झडती होत असे. त्या घाटाची उतरणही तीच, सदतिसाला एक. धबधबा सुमारे एक हजार फुटांचा, आणि गाडी त्याच्या पुढ्यातल्या पुलावरून जाते. तिथे पावसाळ्यात उतरायला रेल्वेने मनाई केली आहे, आणि ती योग्यच आहे. रुळावर उभे राहून फोटो काढणाऱ्यांनी जीव गमावण्याची वेळ आणली होती. आपल्याला उतरायचे नाही. आपल्याला खिडकी पुरे. काचेचा डबा त्या गाडीला नाही. साध्या डब्याची खिडकी तर आणखी चांगली, तिच्यातून पाण्याचे तुषार आत येतात, असे म्हणतात.

भिशी येत्या महिन्यापासून सुरू करू. खजिनदार वहिनी वही घेऊन दाराशी बसल्या आहेत. आणि ज्या भगिनीची खुर्ची कल्याणपर्यंत रिकामी गेली, ती आज इथे आहे. तिला मी एवढेच सांगते: बाई ग, पाहुणे आले होते, त्यांना तू जेवू घातलेस, ते योग्यच झाले. पण पाहुणे पुढच्या वर्षीही येतील. त्यांना आतापासून तारीख कळवून ठेव. यंदा तुझे नाव वहीत पहिले लिहायला मी सांगितले आहे, आणि त्यापुढे कंसात "खिडकी" असे घातले आहे.